स्कार्फवाल्या अहिरेबाई

सातपूरच्या अहिरेबाईंकडे शिवण शिकायला येणारीला पहिला महिना एकच वस्तू शिवावी लागे. टोपीचा स्कार्फ. डोक्यावर टोपी, तिला दोन्हीकडून जोडलेले लांब पट्टे, ते गळ्याभोवती गुंडाळायचे, आणि पट्ट्यांच्या टोकांना हात घालायला खिसे. बाकी क्लासमध्ये झबलं, परकर, मग ब्लाउज अशी चढण असते. इथं कुणी मे महिन्याच्या उकाड्यात नाव घातलं तरी स्कार्फच.

एकदा एका मुलीनं धीर करून म्हटलं, "बाई, मला आधी ब्लाउज शिकवा ना. घरात लग्न आहे."

"ब्लाउज बिघडला तर लोक हसतील," अहिरेबाई म्हणाल्या. "टोपी बिघडली तर कान दुखंल. लोकं दोन दिवस हसतात. कान जन्मभर आपला हाय."

मी गेले ती कानासाठीच. माझी शाळा त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. आठवडाभर साडेदहाची, शनिवारी सकाळची. डिसेंबरात सकाळी सव्वासहाला स्कूटीवरून निघालं आणि वस्ती मागं पडली की वारा कानात सळईसारखा घुसायचा. बांधलेला रुमाल सुटून गळ्यात यायचा. विकतच्या लोकरी टोप्या हेल्मेटखाली मावत नव्हत्या. दोनदा कानाचं दुखणं काढलं, तेव्हा शेजारणीनं अहिरेबाईंचं नाव सांगितलं. पंचेचाळिशी गाठली तरी मी मशीनच्या सुईत दोरा ओवलेला नव्हता.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पडद्यामागं स्वयंपाकाचा ओटा. बाहेरच्या खोलीत खिडकीशी दोन पायमशीनं, मधोमध कापायचं टेबल. बाई बारक्या अंगाच्या, साठी ओलांडलेल्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर. चष्म्याच्या काड्यांना मागून इलॅस्टिक शिवलेलं, वाकल्यावर चष्मा पडू नये म्हणून. माहेर नांदगावकडचं, नाशकात चाळीस वर्षं काढूनही 'हाय' आणि 'नाय' सुटलं नव्हतं.

"शाळेत शिकवता का मॅडम? मग इथं एक करा," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "कळलं नाय तर मान डोलवू नका. तुमच्या शाळेतली पोरं डोलवतात ना, तशी."

माझं डोकं त्यांनी हातानं मोजलं. गळ्याच्या खळगीपासून वीत टाकत कानावरून टाळूपर्यंत आणि पलीकडून खाली. टेप नंतर लावली. "टेपला अंबाडा दिसत नाय," म्हणाल्या. वर्तमानपत्राच्या कागदावर टोपीचा अर्धा आकार काढला, मागची गोलाई हातानंच फिरवली आणि खडू माझ्या हातात दिला.

"आता कडेनं अर्धा इंच माया सोडा आणि कापा."

शिवणीत दाबलं जाणारं जास्तीचं कापड म्हणजे माया, हे मला माहीत नव्हतं. आणि ज्याबद्दल आदल्याच मिनिटाला बजावलं होतं तेच मी केलं, मान डोलावली आणि रेघेवरून कापलं. ब्लँकेटसारखं मऊ, राखाडी कापड होतं. शिवून झालं तेव्हा टोपी माझ्या डोक्यावर नारळाच्या करवंटीसारखी बसली.

"बिनमायेची झाली," बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागवायलाही ताकद लागते आणि ती त्यांच्याकडे नसावी, असं तेव्हा वाटून गेलं.

दुसऱ्या खेपेला मी माया सोडली. पण कापड उलटवायचं विसरले आणि दोन्ही तुकडे एकाच बाजूचे कापले. एकावर एक ठेवले तर एकाची लव आत, एकाची बाहेर. बाईंनी दोन्ही तुकडे उचलून माझ्या डोक्याला लावून पाहिले. "मॅडम, तुम्ही दोन डाव्या कानांची टोपी कापलीय." खोलीतल्या सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी उरलेलं कापड फिरवून फिरवून पाहिलं आणि पट्ट्याच्या कडेतून एक उजवा कान काढून दिला. त्यामुळे माझ्या स्कार्फाचा एक पट्टा दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड आहे. अजून तसाच आहे.

त्यांचा आवडता शब्द 'उसवा'. तो त्या इतक्या सपाट आवाजात म्हणत, की जणू 'बसा' म्हणताहेत. कौतुकाचा शब्दही एकच होता, 'चालंल'. तो मिळायला मला सात आठवडे लागले.

शिकवताना त्या समोर असतच असं नाही. पडद्यामागं भाकरी थापत आणि तिथूनच ओरडत, "खिडकीजवळची मशीन थांबव गं. दोरा सुटलाय." आम्ही बघायचो तर खरंच टाके सुटत असायचे. मी विचारलं, कसं कळतं. तर म्हणाल्या, "बावीस वर्षं साठ मशीनींमध्ये बसले. नवऱ्याचं घोरणं आणि मशीनीचं दुखणं, दोन्ही न बघता कळतं."

ती बावीस वर्षं अंबडच्या एका कपड्यांच्या कारखान्यात गेली होती. काम एकच, कॉलर. सकाळी कॉलर, दुपारी कॉलर. "शर्टाला बाह्या असतात हे मला ह्यांच्या अंगावर बघून आठवायचं," असं म्हणायच्या. त्या बावीस वर्षांनीच खांदा वर गेला होता. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी घरी क्लास काढला.

एरवी मी शाळा सुटल्यावर संध्याकाळी जाई, शनिवारी मात्र दुपारी. तेव्हा तीनच्या सुमारास बाई भिंतीला टेकत. बोलता बोलता शब्द लांबत जायचे. "गोलाईला बारीक... काप... द्यायचे, शिवणीपर्यंत... जायचं नाय..." आणि मग एकदम दचकून, "कुठं होते मी?" बायका आपसात बोलत. कुणी म्हणे साखर असेल, कुणी म्हणे रक्त कमी असेल. विचारलं तर उत्तर ठरलेलं. "झोप नाय झाली." रोज. मला वाटे, ही बोलायची पद्धत असेल. आपण नाही का म्हणत, कामं संपत नाहीत म्हणून, तसं.

आतल्या खोलीत काका बसलेले असत, एकनाथ अहिरे. उंच, ताठ, दाढी रोज केलेली. एका कंपनीत ते टर्नर होते, लोखंड कातायचं काम. ती कंपनीही बंद पडून वर्षं झाली होती. समोर चिंध्यांचा ढीग घेऊन ते तुकडे लहान-मोठे लावत बसत, ओळीनं, कडेला कड जुळवून. माझ्याशी कधी बोलले नाहीत. एकदा मात्र उठून बाहेर आले, माझ्या हातातली टोपी घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला, म्हणाले "रिजेक्ट", आणि परत आत गेले.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी शिवण पाहिली.

"बरोबर बोलले. उसवा."

हसू आलं होतं मला. माणूस जरा विक्षिप्त आहे, एवढंच मी समजले.

मग जानेवारीतला एक शनिवार. सव्वासहा वाजून गेले होते, अंधार होता, रस्त्यावर धुकं. कंपन्यांच्या बसगाड्या जिथं थांबतात त्या थांब्यावर पहिल्या पाळीची माणसं उभी होती, आणि त्यांच्यापासून थोडी बाजूला दोन माणसं. दोघांच्या डोक्यावर टोपीचे स्कार्फ. एक हळदी पिवळा, एक मातकट. टोपीची मागची गोलाई पाहिली आणि मी ब्रेक दाबला. ती गोलाई माझ्याच्यानं चार वेळा उसवून झाली नव्हती. नाशकात ती एकाच हाताची होती.

काकांच्या हातात जेवणाचा डबा होता. बाई त्यांच्या दंडाला धरून उभ्या होत्या.

"बाई? कुठं निघालात एवढ्या सकाळी?"

"कुठं नाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा मॅडम, उशीर होईल." आणि हळूच डोळ्यांनी सांगितलं, विचारू नका.

सोमवारी त्यांनी स्वतःहून सांगितलं. बाकीच्या गेल्यावर, कात्री पुसता पुसता. काकांचं विसरणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी नावं गेली, मग रस्ते, मग कंपनी बंद पडली हेच गेलं. पहाटे साडेचारला उठून ते दाढी करतात, कपडे घालतात, डबा मागतात. पहिली पाळी सातची, बस सव्वासहाची.

"दार लावून घ्यायचं ना," मी म्हटलं.

"लावलं एकदा. कडीला कुलूप घातलं. हे दाराशी बसून रडले. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी कधी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. म्हणायला लागले, खाडा पडंल, माझा खाडा पडंल. पस्तीस वर्षांत एक खाडा नाय केला त्या माणसानं." त्यांनी कात्री खाली ठेवली. "म्हणून मीच घेऊन जाते. उभी राहते. बस येत नाय, मग परत आणते."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवार त्यांना आठवतो."

परत आणणं सोपं नव्हतं. कधी सात वाजत, कधी साडेसात. पण त्या थांब्यावर दुसऱ्या एका कंपनीची बस येई, तिच्या ड्रायव्हरला एकदा बाईंनी सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून तो काच खाली करून ओरडे, "अहिरे काका, आज सुट्टी दिलीय! नोटीस लागलीय!" आणि काका शाळेतल्या पोरासारखे खूश होऊन घरी परतत. वाटेत डब्यातला लाडू काढून खात. ड्रायव्हरची पाळी बदलली की बाईंचे हाल. "तो देवमाणूस हाय," त्या म्हणाल्या. "नाव विचारायचं राहिलंय."

तेव्हा मला स्कार्फाचं कळलं. पहिला स्कार्फ त्यांनी काकांसाठी शिवला होता. थांब्यावरच्या थंडीसाठी, आणि हळदी पिवळा यासाठी, की धुक्यात माणूस हातातून सुटला तर लांबून दिसावा. आतल्या बाजूनं, मानेजवळ, लाल दोऱ्यानं त्यांनी स्वतःचा फोन नंबर भरला होता.

त्या वर्षी क्लासच्या बायकांनी ठरवलं, बाईंना काहीतरी भेट द्यायची. साडी म्हणा, भिंतीवरचं घड्याळ म्हणा. मी बाईंनाच विचारलं.

"एक दुपार द्या," म्हणाल्या.

रविवारी आम्ही चौघी गेलो. दोघी काकांजवळ बसल्या, दोघींनी स्वयंपाक केला. बाई कापायच्या टेबलाखाली चटई टाकून आडव्या झाल्या. पंखा नको म्हणाल्या, आवाज नको. दोन वाजता झोपल्या त्या साडेसहाला उठल्या. उठल्यावर आम्हाला बघून घाबरल्याच. मग तोंड धुऊन आल्या आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "कुणी मला हाक नाय मारली?" त्यांनी विचारलं. आम्ही नाही म्हटलं. "एकदाबी?" असं पुन्हा विचारलं, आणि गल्लीतल्या बुद्धविहारातून संध्याकाळच्या वंदनेचा आवाज येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

त्यानंतर आम्ही पाळ्या लावल्या. पण आमचीही घरं होती, परीक्षा होत्या, सासवांची दुखणी होती. दोन महिन्यांत पाळ्या विरल्या. बाईंनी कधी आठवण केली नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मीही दमलेली असे, आणि दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं दमणं दिसतं ते तेवढ्यापुरतंच.

पुढच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी शाळेच्या वाटेवर असताना फोन वाजला. गाडी कडेला घेतली. बाईंचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, तुम्ही त्र्यंबक रोडला आहात ना? हे गेलेत. मला ताप होता रात्रीपासून, जाग नाय आली. तिथल्या बेळगाव ढगा गावाच्या फाट्यावरून एका बाईचा फोन आलाय, टपरीवर बसवलंय म्हणून. मी रिक्षानं येतेय. तुम्ही पुढं व्हा."

मी पाच मिनिटांत पोचले. थांबा सोडून माणूस पाच-सहा किलोमीटर चालत गेला होता, मोटारींच्या दिव्यांमधून. चहाच्या टपरीवर काका बाकड्यावर बसले होते. पिवळी टोपी डोक्यावर, पायात एकच चप्पल, दुसरा पाय रक्ताळलेला. टपरीवालीनं त्या पायाखाली पोतं घातलं होतं.

"पिवळं पिवळं दिसलं म्हणून बघितलं," ती मला सांगू लागली. "नाव सांगता येईना. टोपी काढू देईना. चहा प्यायला मान खाली केली, तेव्हा मागची कड उलटून आतला नंबर दिसला. भरलेला हाय बघा, लाल."

काका मला म्हणाले, "बस चुकली. चालत निघालोय. साहेबांना सांगा, अर्धा दिवस लावा, पण खाडा नको."

मी "सांगते" म्हटलं.

रिक्षा आली. बाई उतरल्या त्या पळत आल्या नाहीत. रस्ता ओलांडला, बाकड्यापर्यंत आल्या, काकांच्या शेजारी बसल्या. अंगात ताप होता, डोळे लाल. काकांच्या मानेवरची टोपी सारखी केली. तिथं शिवण थोडी उसवली होती. त्यात त्यांनी बोट घातलं.

"हे मी घाईत शिवलं होतं," म्हणाल्या. "लाइट जायच्या आत संपवायचं म्हणून."

आणि मग माझ्याकडे न बघता, "आता नाय होत गं माझ्याच्यानं."

वर्षभर मी त्यांना मॅडम होते. त्या सकाळी मला पहिल्यांदा 'गं' म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. टपरीवालीनं तीन चहा आणून ठेवले, आणि आम्ही तिघं ते प्यायलो. शाळेत फोन करून मी उशीर होईल असं सांगितलं.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो केव्हापासून म्हणत होता, बाबांना एखाद्या संस्थेत ठेवू. बाई कधी त्याला वाईट म्हणाल्या नाहीत. "त्याचंबी बरोबर हाय. त्यानं दोन खोल्यांत कुठं ठेवायचं?" पण संस्था नको म्हणाल्या. नांदगावजवळच्या गावात धाकटा भाऊ होता, भावजय होती, त्यांची दोन मोठी मुलं होती. तिथं जायचं ठरलं. माझ्यासमोरच भावाशी फोनवर बोलल्या. "मला भाकर नको देऊस. मी शिवून खाईन. फक्त पहाटं माझ्याऐवजी कुणीतरी उठा रे. आठवड्यातून दोन दिवस." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाई बराच वेळ "हां, हां" म्हणत राहिल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या.

पंधरा दिवसांत घर आवरलं. शेवटच्या दिवशी क्लासला आम्ही सहा जणी होतो. काही समारंभ झाला नाही. एक नवी मुलगी आदल्याच आठवड्यात आली होती, तिची टोपी अर्धी राहिली होती. बाईंनी बांधलेल्या पेटाऱ्यातून कात्री परत काढली, तिला गोलाईचे काप देऊन दाखवले, तिच्याकडून एक बाजू शिवून घेतली, एकदा उसवायला लावली, पुन्हा शिवून घेतली. सामानाचा टेम्पो दाराशी उभा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "थांब रे," बाई आतून म्हणाल्या. "पोरीची एक शिवण राहिलीय."

त्यानंतर चार-पाच वेळा फोन झाला. भावाची मुलं पहाटे पाळीनं उठतात. काकांना शेताच्या बांधापर्यंत फिरवून आणतात. तिथं बस दिसतच नाही, त्यामुळे तेही हल्ली फार आग्रह धरत नाहीत. गावातल्या बायका शिवण शिकायला येतात, आणि पहिला महिना स्कार्फ. नांदगावच्या उन्हात स्कार्फ! मी हसले, तर म्हणाल्या, "ऊन काय कायम राहतं का?" जायचं, भेटायचं, असं दर सुट्टीत ठरवते. झालं नाही अजून.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या गावी निघाल्या तेव्हा, नाशिकरोड स्टेशनवर. सामान टेम्पोनं पुढं गेलं होतं, ही दोघं गाडीनं निघाली होती. मी पाण्याची बाटली आणायला गेले. पाच मिनिटंही लागली नसतील. परत आले तर गाडी अजून उभीच होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या. डोकं काकांच्या खांद्यावर कलंडलेलं, तोंड किंचित उघडं, चष्मा कपाळावर सरकलेला. फलाटावर हमाल ओरडत होते, घोषणा चालू होती, चहावाला खिडकीला थाप मारून पुढं गेला. त्या हलल्या नाहीत. काका ताठ बसले होते, खांदा जराही न हलवता. अवघडले असणार.

मी बाटली गजांतून आत दिली आणि हाक मारली, "बाई..."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. माझ्याकडे अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "उठवू नका मॅडम. पाळी करून आलीय ती."